‘पुरावा काय?’ असं कुणी विचारलं तर

‘देव आहे ह्याचा पुरावा काय?’ असं घरातल्या पोराने विचारलं की बहुतेक ख्रिस्ती घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘विश्वास ठेव, फाटे फोडू नकोस’ म्हणून त्याला गप्प बसवतात. नाहीतर एखादे काका मोबाइल काढून नोहाचं तारू सापडल्याचा व्हिडिओ दाखवतात. पहिल्याने पोरगं विचारणंच सोडतं. दुसऱ्याने ते कॉलेजात जाऊन तोच व्हिडिओ मित्रांना दाखवतं आणि स्वतःचं हसं करून घेतं.

मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, रक्त-लघवी-थुंकी तपासण्यात. आता निवृत्त आहे. रविवारी आमची उपासना हिंदीत होते आणि ती सुटल्यावर दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या, वयाच्या मुलामुलींचा वर्ग माझ्याकडे असतो. ही मुलं हिंदी बायबल वाचतात, घरी आजीच्या तोंडून ‘उपासना संगीत’मधली मराठी गीतं ऐकतात आणि भांडतात इंदुरी हिंदीत. खाली लिहिलंय ते ह्या वर्गात वापरून पाहिलेलं आहे, पंडितांसाठी नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की देवाची परीक्षा पाहू नये, पण देवाच्या नावावर होणाऱ्या दाव्याची मात्र कसून पाहावी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. देवाला अटी घालतो आणि स्टेजवरच्या माणसाला एक प्रश्न विचारत नाही.

आधी विचारा: पुरावा कशाचा?

प्रश्न ऐकला की लगेच उत्तराच्या मागे धावू नका. ‘येशू नावाचा माणूस खरंच होऊन गेला का?’ हा इतिहासाचा प्रश्न आहे. ‘अमक्या बाईंचा कॅन्सर प्रार्थनेने गेला का?’ हा वैद्यकाचा. ‘हे जग आपोआप झालं की कुणी केलं?’ हा तर्काचा. आणि ‘माझी आई गेली तेव्हा देव कुठे होता?’ हा पुराव्याचा प्रश्नच नव्हे, ते रडणं आहे. त्याला युक्तिवादाने उत्तर देणारा माणूस कितीही बरोबर असला तरी निर्दयच ठरतो. तिथे शेजारी बसायचं, चहा करायचा.

हा विवेक आपल्या मातीत जुनाच आहे. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, खरं कळण्याची साधनं, सांगितली आहेत. त्यात शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाची साक्ष, हेही प्रमाणच आहे. फक्त तो माणूस जाणता आणि खरं बोलणारा आहे का, हे तपासायचं. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा, येशू मेला आणि उठला, हा बराचसा ह्या चौथ्या प्रमाणाचा विषय आहे. हे मुलांना एकदा फळ्यावर लिहून दाखवा. ‘विज्ञानाने सिद्ध करून दाखवा’ आणि ‘विज्ञानाने खोटं ठरवून दाखवा’ ही रस्सीखेच अर्ध्याहून अधिक तिथेच थांबते.

प्रश्न इतिहासाचा असेल तर

वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे ‘ह्यावरून हे कळतं’, उजवीकडे ‘ह्यावरून हे कळत नाही’. उजवा रकाना भरल्याशिवाय डावा कुणाला वाचून दाखवायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम.

1961 साली कैसरियाच्या जुन्या रोमन नाट्यगृहात खोदकाम चालू असताना एक शिळा सापडली. तिच्यावर पंतय पिलाताचं नाव आणि यहूदियाचा अधिकारी म्हणून त्याचा हुद्दा लॅटिनमध्ये कोरलेला आहे. डावा रकाना: पिलात गोष्टीतला नाही, खरा रोमी अधिकारी. उजवा: त्याच्यापुढे येशूचा खटला चालला, असं त्या दगडावर कुठेही लिहिलेलं नाही.

रोमी इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेला, की सम्राट तिबेरियाच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. टॅसिटस काही आपला पाहुणा नव्हे. ख्रिस्ती पंथाला तो घातक अंधश्रद्धा म्हणतो, म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे. उजव्या रकान्यात लिहा: ख्रिस्त उठला की नाही, ह्याच्याशी टॅसिटसला घेणंदेणं नाही.

मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये 1947 पासून जुन्या गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यातली यशयाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा जवळजवळ हजार वर्षांनी जुनी. ह्यावरून लेखनिकांनी मजकूर किती जपून उतरवला ते कळतं. यशया जे बोलला ते खरं का, हे गुंडाळी सांगत नाही. यरुशलेमातलं शिलोहाचं तळं 2004 मध्ये सापडलं, त्याचंही तसंच. तळं आहे, आंधळा तिथे धुऊन डोळस झाला, हे तळं सांगणार नाही.

मुलं म्हणतात, ‘मावशी, मग हाती काय लागलं?’ लागलं की. जागा, माणसं, काळ हे सगळं खऱ्या जगातलं आहे, एवढं तर लागलं.

पुनरुत्थानापाशी आलं की दगड संपतात आणि माणसं सुरू होतात. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढा. घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेलं पत्र. पौल नावं घेतो, मग म्हणतो की पाचशेहून जास्त जणांना येशू एकदम दिसला आणि त्यातले बरेच अजून जिवंत आहेत. म्हणजे हवं तर जाऊन विचारा. त्याच अध्यायात तो असंही म्हणतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास पोकळ आहे. एवढी मोठी पैज कुणी उगाच लावत नाही. आणि रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा आणली बायकांनी. लूक लिहितो, की प्रेषितांना त्यांचं बोलणं निव्वळ वायफळ वाटलं. बनावट गोष्ट रचायची असती तर त्या काळात कुणी पहिली साक्ष बाईच्या तोंडी घातली नसती. हा मुद्दा मला फार पटतो. लॅबमध्ये माझा रिपोर्ट ‘सरांना एकदा दाखवून घ्या’ म्हणून परत आला की मला ती बातमी आणणारी मग्दालीया मरीया आठवायची.

तरीही उजवा रकाना कोरा ठेवू नका. ह्या सगळ्यावरून ‘सिद्ध झालं’ असं होत नाही. विश्वास ठेवणारा माणूस खुळा नाही, इथवर आपण पोचतो. पुढचं पाऊल ज्याचं त्याने टाकायचं.

फॉरवर्डबद्दल दोन शब्द. बायबलात यहोशवाच्या वेळी सूर्य थांबला, तो ‘हरवलेला दिवस’ नासाच्या कॉम्प्युटरला सापडला, ही निव्वळ लोणकढी थाप आहे आणि नासाने ती केव्हाच नाकारली आहे. येशूचं म्हणून दाखवतात त्या तुरिनच्या कफनाची 1988 मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन तपासणी केली, काळ निघाला 1260 ते 1390 च्या दरम्यानचा. त्या तपासणीवर आक्षेप घेणारे आहेत, घेऊ देत. पण ‘विज्ञानाने मान्य केलं’ असं लिहून तो फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. खोट्या पुराव्यावर उभा केलेला विश्वास, पुरावा पडला की त्याच्याबरोबर पडतो, आणि पडतं ते नेमकं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं.

बरं झाल्याची साक्ष: इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या

बाहेरून आलेल्या एका प्रचारकाच्या सभेनंतर आमच्या ओळखीतल्या एका बहिणीने साक्ष दिली, की प्रार्थनेने तिची साखर गेली. हातात ग्लुकोमीटर, आकडा 112, उपाशीपोटीचा. टाळ्या झाल्या, हालेलूया झालं आणि घरी जाऊन तिने गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. म्हटलं, ‘ताई, देवाने बरं केलं असेल तर एचबीए-वन-सीसुद्धा बरी येईल. चला, करून टाकू.’ ती आली साडेनऊच्या वर, म्हणजे साखर चांगलीच वाढलेली.

त्यात कोडं काही नव्हतं. उपाशीपोटीची साखर त्या सकाळचं सांगते. आदला अख्खा दिवस उपास-प्रार्थना होती, पोटात अन्न नव्हतं, आकडा उतरणारच. एचबीए-वन-सीमध्ये लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात. लाल पेशी जगते साधारण चार महिने, म्हणून ह्या तपासणीत मागच्या अडीच-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. आता, त्यात सभेच्या आधीचे दिवसही आले, हे खरं. म्हणून मी तिला डॉक्टरकडे पाठवलं, गोळ्या परत सुरू झाल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. आकडा बराच खाली आला होता, गोळ्यांनी आणि रोजच्या चालण्याने. तिने त्याचीही देवाचे आभार मानून साक्ष दिली. टाळ्या मात्र त्या मानाने कमी पडल्या.

ह्यात अविश्वास कुठे आहे? मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला बरं करतो आणि लगेच सांगतो, की जाऊन याजकाला दाखव. लेवीयच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे कोड गेलं की नाही हे तपासून सांगायचं काम याजकाचं होतं, त्यात सात दिवस थांबून पुन्हा बघणंही होतं. बरं करणारा स्वतः तपासणीला पाठवतो आहे, तर आपल्याला तपासणीची लाज का वाटावी?

तेव्हा कुणी साक्ष द्यायला उभं राहणार असेल तर आधी निवांत बसून विचारा. आजार कुठल्या तपासणीत दिसला होता, की नुसता अंदाज होता? तो कागद आहे का? औषध चालू होतं का, ऑपरेशन झालं होतं का? आजार आपोआप चढ-उतार करणारा आहे का? पाठदुखी, दमा, मायग्रेन, कातडीचे विकार हे असेच लपाछपी खेळतात. बरं वाटल्याला किती दिवस झाले? पुन्हा तपासणी झाली का, आणि ती सभेशी संबंध नसलेल्या डॉक्टरने केली का? ह्यातल्या एकाही प्रश्नाला प्रामाणिक साक्षीदार चिडत नाही. चिडतो तो बहुधा ज्याचं पोस्टर छापून झालेलं असतं तो.

ह्या बाबतीत कॅथलिक लोकांची चिकाटी मला, प्रॉटेस्टंट असून, आवडते. फ्रान्समध्ये लूर्दला 1858 पासून लोक बरं व्हायला जातात. तिथे 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे आणि येणारा डॉक्टर कुठल्याही धर्माचा असो, नसो, त्याला कागद पाहता येतात. आजार गंभीर होता का, उपचारांनी गेला असण्याची शक्यता आहे का, अचानक आणि पुरता गेला का, पुन्हा उलटला का, असं वर्षानुवर्षं बघतात. हजारो दाव्यांमधून चर्चने चमत्कार म्हणून मानले ते जेमतेम सत्तर-बहात्तर. आपल्याकडे एका संध्याकाळच्या सभेत तेवढे मोजून देतात.

उलट बाजूचा पुरावाही लपवू नका. अमेरिकेत सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या 1802 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, 2006 मध्ये छापून आला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यात गुंतागुंत झाली प्रार्थनेच्या गटात 52 टक्के, दुसऱ्या गटात 51. फरक नाहीच. ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात 59. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं गोंधळतात. माझं मत असं, की प्रार्थना म्हणजे मिलिग्रॅममध्ये मोजून देण्याचा डोस नाही, आणि दुसऱ्या गटातल्या रुग्णांसाठी त्यांच्या आयांनी घरी प्रार्थना केलीच नसेल असं कोण म्हणेल? पण निकाल आपल्या बाजूने आला असता तर आपण तो चौकाचौकात लावला असता, हेही खरं. मग विरुद्ध आलेला सांगायची हिंमत हवी.

औषध बंद करायला सांगणाऱ्याला मंडळीत माईक देऊ नका, तो कितीही रडवणारं बोलत असला तरी. जादूटोण्याने, मंत्राने मधुमेह-कॅन्सरसारखे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, हे पत्रकं छापणाऱ्या तरुण मंडळाला माहीत असलेलं बरं.

आणि ज्यांना बरं वाटलंच नाही, त्यांचं काय? ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य मी इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयाच्या वॉर्डात पलंगाशी उभं राहून बोलताना ऐकलं आहे. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी ठेवायला ह्याहून वाईट वस्तू नाही. असं कुणी बोललं तर त्याला तिथल्या तिथे, हळू आवाजात, बायबलच दाखवा. पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिलाच. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून पुढे गेला. ज्याच्या हातून लोक बरे झाले त्याच पौलाची ही गोष्ट. शिलोहाचा बुरूज अंगावर पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, हे तर येशूचेच शब्द. आजार हा कुणाच्या विश्वासाचा रिपोर्ट नव्हे. डबा घेऊन जा, रात्रपाळीला बसा, रक्त लागलं तर द्या.

कौल लावू नका

कोकणातल्या देवळात गुरव देवाला कौल लावतो. पाषाणाला तांदूळ, फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार. आपण ते सोडलं असं आपण म्हणतो आणि मग डोळे मिटून बायबल उघडतो, बोट ठेवतो, जे वचन येईल त्यावर पोरीचं स्थळ ठरवतो. हाही कौलच, फक्त पुस्तक बदललं.

कुणी म्हणेल, प्रेषितांनी यहूदाच्या जागी माणूस निवडताना चिठ्ठ्या टाकल्याच की. टाकल्या. पण त्याआधीचं वाचा. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो आमच्याबरोबर होता असाच माणूस हवा, ही अट त्यांनी आधी ठरवली, त्यात बसणारे दोघे निवडले, मग चिठ्ठी टाकली. पोरीसाठी सांगून आलेल्या जळगावच्या मुलाची नोकरी, दारू, स्वभाव, आईशी वागणूक ह्यांची चौकशी केल्यावर, आणि दोन्ही स्थळं सारखीच चांगली निघाल्यावर, वाटल्यास टाका चिठ्ठी.

बायबलातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागितली, ते लोकरीचं उदाहरणही लोक फार देतात. लोकर भिजू दे, जमीन कोरडी राहू दे, मग उलट. पण गिदोनाला देवाने काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं, तो घाबरलेला होता, आणि दुसऱ्यांदा मागताना ‘माझ्यावर रागावू नकोस’ असं स्वतःच म्हणतो. देवाने त्याचं भित्रेपण सांभाळून घेतलं. ती पद्धत म्हणून शिकवली नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, ह्या सैतानाच्या सूचनेला येशूने ‘देवाची परीक्षा पाहू नकोस’ असं जे उत्तर दिलं ते मात्र सगळ्यांसाठी आहे.

पैशांचं एक वाक्यात: मलाखीचा तिसरा अध्याय उघडून ‘देवाला आजमावा, दहापट मिळेल’ असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच राहू द्या. आशीर्वादाचं वचन तिथे आहे, दहापट हा आकडा नाही.

काहीच जाणवत नाही म्हणणाऱ्याशी

मलेरियाची स्लाइड कशी पाहतात ते सांगते. बोटातून रक्ताचा थेंब, काचेवर एक जाड थर, एक पातळ. वाळवून रंग द्यायचा, वर तेलाचा थेंब, आणि शंभराच्या लेन्सखाली एकेक फील्ड सरकवत जायचं. मान दुखते, डोळ्यांत पाणी येतं. निदान शंभर फील्ड पाहिल्याशिवाय रिपोर्टला हात लावायचा नाही. आणि लिहायचं तेव्हाही ‘मलेरिया नाही’ असं नाही. ‘परजीवी दिसला नाही’ असं. ताप पुन्हा चढला की पुन्हा रक्त घ्यायचं.

‘मला देव जाणवत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला मी एवढंच म्हणते, की तू ‘दिसला नाही’ असं लिहिलंस, ‘नाही’ असं नाही. ठीक आहे, पुन्हा बघू. पण सावध, ही ढाल करून तिच्या तोंडावर मारू नका. तिने जे पाहिलं नाही ते पाहिलं असं लिहिलं नाही, हा तिचा प्रामाणिकपणा आहे. ज्यांना दर रविवारी सगळं जाणवतं त्यांच्यापेक्षा मला तिच्याबद्दल जास्त भरवसा वाटतो.

थोमाच्या गोष्टीत एक बारीक जागा आहे. येशू उठल्याचं बाकीच्या शिष्यांनी सांगितलं तेव्हा ‘खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही’ असं तो म्हणाला, आणि आठ दिवसांनी येशू आला तेव्हा तो बाकीच्यांबरोबर त्याच घरात होता. त्या आठ दिवसांत दहा जणांनी त्याला बाहेर काढलं नाही, आणि तोही गेला नाही. मंडळीने करायचं काम एवढंच. शंका घेणाऱ्याला पेटी वाजवायच्या कामावरून काढू नका, नाताळच्या नाटकातून वगळू नका.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही तुरुंगातून माणसं पाठवून येशूला विचारलं, की येणारा तो तूच, का आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशूने त्याला ‘विश्वास ठेव’ असं दटावलं नाही. जे पाहता आणि ऐकता ते जाऊन सांगा, म्हणाला. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं, की कित्येक दशकं त्यांना आतून अंधारच वाटत होता. काम चालूच होतं.

शेजाऱ्यांशी बोलताना

आमच्या कॉलनीत गणपतीची आरती, महालक्ष्म्यांचं जेवण, हळदीकुंकू सगळं असतं, आणि शेजारच्या काकू मला प्रेमाने बोलावतात. तिथेच कधीतरी प्रश्न येतो: ‘पाण्याचा द्राक्षारस झाला हे मानता, मग गणपती दूध प्यायला हे का नाही?’ 21 सप्टेंबर 1995 चा तो दिवस इंदूरमध्येही सगळ्यांना आठवतो. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण आणि केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीतून पातळ पदार्थ आपोआप ओढला जातो त्याने, त्याचा उलगडा केला. तो उलगडा मान्य करायचा असेल तर तीच फूटपट्टी घरी आणायची. 2012 मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला एका क्रूसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं, लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. एका विवेकवाद्याने जाऊन पाहिलं आणि सांगितलं, की तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने वर चढतं आहे. त्याच्यावर आपल्यातल्याच काहींनी पोलिसांत तक्रारी केल्या. मला विचाराल तर त्याला चहा पाजायला हवा होता.

ह्या फूटपट्टीची एक जुनी गोष्ट आहे. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहिली. खरा धर्म कसा ओळखावा, तर चमत्कार वगैरे खुणांवरून, असा त्याचा डाव. त्याला संस्कृतातच उत्तर दिलं काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांनी, 1844 मध्ये. घराणं चित्पावन, जन्म झाशीकडचा, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. ऐन विशीतला हा पंडित म्यूरशी भांडला, आणि मग चारच वर्षांनी, 1848 मध्ये, स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोऱ्हे झाला. म्यूरच्या युक्तिवादाने सगळं मिटलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी गोऱ्ह्यांची पाठ सोडली नाही. शंका घेऊनच ते धर्मगुरू म्हणून जगले, आणि पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवण्यात त्यांच्या लेखणीचा हात होता. रमाबाई तर त्याहून खमक्या. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, बायबलात दाखवा मग मानते, असा त्यांचा खाक्या. पुढे मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात आली की मी तिला आधी ह्या बाई सांगते.

पेत्र म्हणतो, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे. म्हणजे कुणी विचारल्यावर. काकूंच्या पुरणपोळीच्या ताटावर बसून आपणहून नव्हे.

वागणुकीचा पुरावा आणि त्याची हद्द

इंदूरला पुस्तकातलं उदाहरण शोधावं लागत नाही. सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात आदिवासी मजुरांबरोबर, सावकारीच्या विळख्याविरुद्ध काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरच्यांना भेटून आला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात कॅथलिक चर्चने राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. हुतात्म्याला त्या पायरीवर चमत्काराचा पुरावा मागत नाहीत. संत ठरवताना मागतात.

वर्गात हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, ‘माफ तर नास्तिकही करतात. ह्याने देव कुठे सिद्ध झाला?’ बरोबर आहे त्याचं. उजव्या रकान्यात आम्ही ते त्याच्याच अक्षरात लिहिलं. डाव्यात लिहिलं, की हा विश्वास माणसाकडून एवढं करून घेऊ शकतो. मग प्रत्येकाने घरी जाऊन ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा एकाला फोन करायचा, असं ठरलं. अर्ध्यांनी केला. तो एक प्रकारचा प्रयोगच, निकाल ज्याचा त्याने वाचायचा.

‘मला माहीत नाही’ हे वाक्य शिकवणाऱ्याच्या तोंडात हवं. ते म्हणून तिथेच सोडायचं मात्र नाही. प्रश्न वहीत तारीख घालून लिहा, समोर कुणाला विचारणार ते लिहा: पास्टरजी, डॉक्टर, कॉलेजातले इतिहासाचे सर. पुढच्या रविवारी उत्तर आणा, अर्धवट असलं तरी. दोनदा विसरलात तर मुलं तिसऱ्यांदा विचारत नाहीत, सरळ गूगल करतात. आणि वही शिवणीची, पुठ्ठ्याच्या बांधणीची घ्या. स्पायरलची पानं ती विमानं करायला फाडतात.